कायदा: फोनवर की मशिदीत?

तवंदीघाट

सलाम, नमस्कार. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, पहिलीत आहे, मराठी माध्यम. आमच्यात चार वर्षं चार महिने चार दिवसांचं पोर झालं की बिस्मिल्ला करतात, म्हणजे शिकायला बसवतात. सासूबाईंनी बोटावर दिवस मोजून केली. पोरानं बत्तासे खाल्ले, नवी टोपी घातली, फोटो काढून घेतला. त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं, कायदा अजून अलिफ-बे च्या पानावरच आहे.

मोहल्ल्यातल्या मशिदीत मकतब आहे, म्हणजे पोरांचा शिकवणीचा वर्ग. फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, साडेसहा ते आठ. पोरं चाळीस, हाफिजसाहेब एक. सव्वाआठला शाळेची गाडी येते. म्हणजे सहाला उठवून, वुजू करून म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, टोपी शोधून पाठवायचं आणि परत आल्यावर पंधरा मिनिटांत दप्तर, डबा, गाडी. नणंद पुण्याला असते. तिच्या मुलीनं ऑनलाइन आठ महिन्यांत कायदा संपवला, रोज वीस मिनिटं. ती म्हणते, कशाला पोराला पहाटे छळतेस. नवरा म्हणतो, मशिदीतच पाठव, मी तिथंच शिकलो. सासूबाई म्हणतात, फोनातनं बरकत येत नाही.

मोठी मुलगी आहे अकराची. ती मकतबला जायची, अम्मा पाऱ्यापर्यंत, म्हणजे कुरआनच्या शेवटच्या भागापर्यंत आलेली, मग सोडवली. तिचं झालंय तेवढं.

मला स्वतःला अरबी अक्षर जुळवून जुळवून येतं. नवऱ्याला पाठ आहे, वाचता येत नाही. ज्यांनी लहान मुलांना ऑनलाइन शिकवलंय त्यांनी अनुभव सांगा. फक्त ‘मोबाइल वाईट’ एवढंच सांगायचं असेल तर ते सासूबाई रोज सांगतात.

कुंदा_खाऊ

शीर्षक वाचून वाटलं शिक्षणहक्क कायद्यावर चर्चा आहे. वकिली डोकं घेऊन आलो होतो. असो, आलोच आहे तर बसतो ऐकत.

पेठेतला

‘काढतोय’? ताई की दादा?

तवंदीघाट

ताईच. निपाणीत बायका ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात. सवय करून घ्या.

वडगावचा_माग

कुंदाभाऊ, हा कायदा म्हणजे अरबीची बाराखडी. नूरानी कायदा, बगदादी कायदा असे दोन-तीन प्रकार चालतात. आधी सुटी अक्षरं, त्याला मुफरदात म्हणायचं. मग जोडाक्षरं, मुरक्कबात. मग जबर, जेर, पेश, तनवीन, तश्दीद, मद या उच्चाराच्या खुणा. हे झालं की बघून कुरआन वाचायला सुरुवात, त्याला नाजरा म्हणतात. पाठ करायचा तो हिफ्ज, ते वेगळं आणि लांबचं काम.

ताई, मी मशिदीत शिकलो. बेळगावात, एका छोट्या मशिदीच्या ओसरीवर. सगळे एका सुरात ओरडायचो, ‘अलिफ खाली, बे के नीचे एक नुक्ता, ते के उपर दो नुक्ते.’ बाहेर मागाचा खटखटाट, आत आमचा. हाफिजसाहेबांच्या हातात वेताची छडी, आणि ती चाळीस पोरांत नेमकी मलाच कशी सापडायची हे मला अजून कळलेलं नाही.

खरं त्या ओरडण्यात माझी चूक कुणाला ऐकूच आली नाही. आम्ही दखनीवाले काफचा ख करतो. कायद्याला खायदा, कुरआनला खुरान. घशातनं येणारा मोठा काफ आणि साधा काफ यात मला चाळिशीपर्यंत फरक माहीत नव्हता. एका कार्यक्रमात एका मौलानांनी सांगितलं, मोठ्या काफनं कल्ब म्हटलं तर हृदय, छोट्या काफनं म्हटलं तर कुत्रा. मी तीस वर्षं काय काय म्हणत आलो असेन याचा हिशोब त्या रात्री करत बसलो. म्हणून माझ्या दोन्ही पोरांना ऑनलाइन लावलं. एक उस्ताद, एक पोर. चूक झाली की तिथंच थांबवतो.

पेठेतला

‘खरं त्या ओरडण्यात’ म्हणजे? खऱ्या ओरडण्यात?

वडगावचा_माग

आमच्या ‘खरं’चा अर्थ ‘पण’. पुण्याहून बेळगावला येताना हे एवढं शिकून यावं.

खानापूरची_लेक

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचं सगळंच ऑनलाइन झालं, शाळाही आणि दीन म्हणजे धर्माचं शिकणंही. माहेर जांबोटीच्या पुढं. पावसाळ्यात तिथं लाईट असेल तर नेटवर्क नसतं आणि नेटवर्क असेल तर फोन चार्ज नसतो. भाचा घराच्या पत्र्याखाली एका खांबाला टेकून उभा राहायचा, तिथंच दोन काड्या दिसायच्या. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की उस्तादांना फक्त पाऊस ऐकू यायचा. ते तिकडनं म्हणायचे, माशाअल्ला, बहोत खूब. पोरानं काय वाचलं ते अल्लालाच ठाऊक.

बेळगाव-निपाणीत वायफाय आहे, तुमचं चालेल. गावाकडच्यांनी आधी खांब शोधावा.

संकेश्वरी_मिरची

आमचा किस्सा सांगते. लेकाला लखनौकडचे एक उस्ताद मिळाले होते. माणूस अत्यंत सभ्य, पाच वर्षांच्या पोराला ‘आप’ म्हणणारा. आमच्या घरात ‘कायकू’, ‘नक्को’, ‘हौ’. पहिल्याच दिवशी लेकाचं लक्ष खिडकीतल्या मांजराकडं. उस्ताद म्हणाले, ‘बेटा, ज़रा तवज्जो दीजिए.’ पोरगं उठलं, स्वयंपाकघरात आलं आणि कट्ट्यावरचा तवा घेऊन गेलं. कॅमेऱ्यापुढं धरून उभं. ‘ये लेव.’

उस्ताद बिचारे दोन मिनिटं तोंडाला रुमाल लावून बसले होते. तेव्हापासून आमच्याकडं लक्ष दे म्हणायचं असेल तर ‘तवा दे’ म्हणतात.

कुंदा_खाऊ

धागा वसूल.

आवाज_तपासनीस

मी ध्वनिमुद्रणात काम करतो. धर्माचं तुम्ही बघा, मी फक्त आवाजाचं सांगतो.

वडगावचा_माग म्हणतात ते एकास एक शिकण्याबद्दल बरोबर आहे, पण फोन जे ऐकवतो ते पूर्ण नसतं. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. ‘स’सारख्या घर्षणाच्या आवाजांची बरीचशी ओळख त्याच्या वर असते, म्हणून फोनवर ‘स की फ’ असं विचारावं लागायचं. आताचे इंटरनेट कॉल यापेक्षा खूप चांगले आहेत, पण नेट मंद झालं की ते आवाजाचं वजन कमी करतात आणि आधी बारीक भाग जातो. तुमच्याकडं स चे तीन प्रकार आणि ज चे चार असतात असं मित्राकडून ऐकलंय. म्हणजे नेमकं तेच बिघडणार.

दुसरं, आजूबाजूचा गोंगाट कापायची जी सोय असते, ती स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज कापते तसा घशातला हलका ‘ह’सुद्धा कापू शकते. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवायची सेटिंग आहे, ती चालू करा. वायरचा साधा इअरफोन लावा, त्याचा माइक तोंडाजवळ येतो. स्पीकरवर ठेवून लांब बसू नका.

तिसरं, एकत्र म्हणणं ऑनलाइन होत नाही. आवाज जायला-यायला वेळ लागतो, त्यामुळं दोघं एकदम म्हणायला गेले की एक जण मागं पडतोच. आमच्या ओळखीच्या एका मृदंगाच्या गुरुजींनी झूमवर दहा पोरांचा क्लास घेतला होता. वारी पंढरपूरला निघाली आणि दहा वेगवेगळ्या दिवशी पोचली असा प्रकार.

वडगावचा_माग

तपासनीस, बरोबर ऐकलंय. से, सीन, स्वाद. आणि जाल, जे, ज्वाद, जोय. आम्ही बोलताना सगळ्यांना एकाच मापात घालतो, वाचताना प्रत्येकाची जागा वेगळी. त्या जागेला मखरज म्हणतात. मराठीत ‘जीव’ आणि ‘जागा’मधला ज वेगळा आहे ना, तसंच, फक्त जास्त कडक.

शहापूर_गल्ली

आमच्या घरात भिक्षुकी होती. आजोबा संथा द्यायचे, म्हणजे गुरुजी एकदा म्हणणार, शिष्य दोनदा म्हणणार. पुस्तक नाहीच. तुमचं वाचून गंमत वाटली, जीभ कुठं लावायची यावर आजोबाही असेच अडून बसायचे. माझा चुलतभाऊ ‘श’ आणि ‘ष’मध्ये अडकला तर त्याच्या ओठांसमोर हात धरून वारा कुठं लागतो ते दाखवायचे. ते कॅमेऱ्यातनं कसं दाखवणार?

हुक्केरीकर

मी सांगतो लोक कुठं फसतात ते. आवाज वगैरे नंतर.

भाऊ आखातात असतो. त्यानं पुतण्यासाठी इजिप्तचे उस्ताद लावले. उच्चार असे की ऐकत राहावं. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, उन्हाळ्यात तिकडं घड्याळ पुढं करतात तेव्हा अडीच. म्हणजे वर्षात दोनदा क्लासची वेळ आपोआप सरकते आणि दोन दिवस पोरगं रिकाम्या पडद्यापुढं बसतं. ते जाऊ दे.

पहिला घोळ छपाईचा. आपल्याकडच्या कायद्याची आणि कुरआनची लिपी एक, आणि ॲपवर दिसते ती बहुतेक मदिनेच्या छपाईची. अक्षरं तीच, खुणा वेगळ्या. आपल्याकडं जिथं अलिफवर सरळ जबर असतो तिथं त्यांच्याकडं वेगळीच बारीक खूण. जज्म नावाच्या खुणेचा आकार वेगळा. घरात आईच्या हातात आपली प्रत, पडद्यावर उस्तादांची. पोरगं म्हणतं, अम्मी तुझं चुकलंय. आईला वाटतं आपलंच चुकलं. ज्याला पुढं हिफ्ज करायचंय त्याला तर पान डोळ्यापुढं दिसत असतं, कुठली आयत म्हणजे वचन पानाच्या कुठल्या कोपऱ्यात ते. मदिनेची प्रत ६०४ पानांची, प्रत्येक पान आयत संपूनच संपतं. मध्येच प्रत बदलली की पोरगं गावात घर हरवल्यासारखं होतं.

दुसरा घोळ नमाजचा. त्याच्या पद्धती वेगवेगळ्या. आपण इकडं बहुतेक हनफी. कोकणातले आणि भटकळचे शाफई. पुतण्याचे उस्ताद शाफई होते. त्यांनी मनापासून त्यांच्या पद्धतीनं नमाज शिकवली. सुट्टीत पुतण्या गावी आला, आजोबांच्या शेजारी उभा राहिला, रुकूला म्हणजे वाकायला जाताना हात वर केले, जोरात आमीन म्हणाला. आजोबांनी सलाम फेरून नमाज संपवली आणि पहिला प्रश्न, ‘इसको किसने बिगाड्या?’ बिघडलं काहीच नव्हतं, दोन्ही पद्धती मान्य आहेत. आठ वर्षांच्या पोराला हे कसं समजावणार आणि ऐंशीच्या आजोबांना त्याहून कसं?

म्हणून ऑनलाइन लावताना पहिल्याच दिवशी विचारा, कुठली प्रत, कुठला मसलक, म्हणजे हनफी की शाफई. फी नंतर विचारा.

अथणीचा_पाव्हणा

इथं बरेच जण हिफ्जचं बोलताहेत म्हणून माहिती: ३० पारे (भाग), ११४ सूरा (अध्याय), ६६६६ आयती.

हुक्केरीकर

६६६६ हा तोंडात बसलेला आकडा आहे. आपल्या प्रतीवर मोजा, ६२३६ भरतील.

अथणीचा_पाव्हणा

लहानपणापासून ६६६६ च ऐकलंय.

हुक्केरीकर

मीही. मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

चिक्कोडी_विवेक

कुणाला दुखवायचं नाही, तरी विचारतो. साडेपाच वर्षांच्या मुलाला अर्थ न कळणारी भाषा, अर्थ न सांगता, वर्षानुवर्षं वाचायला लावणं हे फोनवर असो की मशिदीत, शिक्षण कसं? घरात दखनी, शाळेत मराठी, त्यात पहिलीपासून कन्नड, वर इंग्रजी, आणि आता अरबी, ती शिकवणार उर्दूतनं. सहा झाल्या. मुलानं खेळायचं कधी? माझ्या स्वतःच्या मुंजीतले मंत्रही मला कळले नव्हते, तेव्हा हे फक्त तुम्हाला म्हणत नाही.

खानापूरची_लेक

सहा भाषांचं म्हणाल तर आमच्या भागात दूधवाला चार बोलतो. पोरांना भाषा जड जात नाहीत, मोठ्यांना पोरं जड जातात.

संकेश्वरी_मिरची

विवेकभाऊ, प्रश्न रास्त आहे. मला ‘कुल हुवल्लाहु अहद’ सहाव्या वर्षी पाठ होती आणि अर्थ पंचविसाव्या वर्षी कळला. चार आयतींची सूरा. अल्ला एक आहे, तो निरपेक्ष आहे, त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. एवढंच. हे मला कुणी सहाव्या वर्षी मराठीत सांगितलं असतं तर कळलं असतं. आता मी लेकाला सांगते. त्याचा लगेच प्रश्न, ‘मग त्याला अम्मी नाही?’ नाही. ‘मग त्याला जेवायला कोण वाढतं?’

हे प्रश्न ऑनलाइनच्या वीस मिनिटांत विचारायला वेळ नसतो आणि चाळीस पोरांच्या मकतबात विचारायची सोय नसते. ते घरातच होतं.

शहापूर_गल्ली

विनोबांनी कुरआन मुळातून वाचायला अरबी शिकली, आणि उच्चारांसकट. मराठी माणूस, गागोद्याचा. त्यांनी निवडलेल्या वचनांचा कुरआन-सारही केला. त्यांना कुणी ‘खेळायचं कधी’ विचारलं नसणार.

चिक्कोडी_विवेक

विनोबा साडेपाच वर्षांचे नव्हते हो.

दांडेलीवाला

कन्नड सक्तीचा विषय निघालाच आहे तर बोलूया. १९५६ साली जे झालं त्यामुळंच आज आमच्या पोरांना

संपादक

दांडेलीवाला, सीमाप्रश्नावर तीन धागे चालू आहेत, तिथं लिहा. उरलेला प्रतिसाद उडवला आहे. इथं कायदा म्हणजे नूरानी.

कुंदा_खाऊ

संपादकसुद्धा शिकले.

गोकाकचा_धबधबा

फीचं कुणी बोललं नाही म्हणून. मी एका ऑनलाइन ‘अकादमी’ला सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले, सूट मिळते म्हणून. दीड महिन्यात तीन उस्ताद बदलले. प्रत्येक नवा उस्ताद म्हणायचा, आधीच्यानं पाया कच्चा ठेवलाय, पुन्हा अलिफपासून. माझा लेक अलिफमध्ये एवढा तयार झाला की विचारू नका. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी नंबर बंद.

महिन्याचे महिन्याला द्या. आणि दुसरी गोष्ट, पोर कितीही शांत बसत असलं तरी दार लावून एकटं बसवू नका. उस्ताद कितीही चांगला असो. फोन बैठकीच्या खोलीत, घरातलं कुणीतरी येता-जाता दिसणारं. उस्ताद थेट पोराच्या नंबरवर मेसेज करायला लागला तर तिथंच थांबवा. हे शिकवणीवाल्या सरांनाही लागू, मौलानांनाही, मशिदीतही.

कणकुंबी_पाऊस

किती वयापासून चालतं? माझी तीन वर्षांची आहे.

खानापूरची_लेक

तीनला कशाला! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, कमी तेवढा बरा. तो तास कार्टूननं आधीच खाल्लेला असतो. तिला कडेवर घेऊन तुम्हीच म्हणा, ती म्हणेल.

बे_के_नीचे

मी मकतबमध्ये शिकवतो. अथणी तालुक्यात, गावाचं नाव नको. तीन दिवस वाचतोय, गप्प बसणार होतो.

सकाळी पस्तीस पोरं असतात. वडगावचे भाई म्हणतात ते खरं आहे, त्या गोंगाटात प्रत्येकाचा मखरज ऐकू येत नाही. एका पोराच्या वाट्याला दोन-अडीच मिनिटं. म्हणून मी मोठी पोरं लहानांना लावून देतो. दहा वर्षांचा सहा वर्षांच्याचा सबक ऐकतो. त्यात चुकाही जातात, खरं मोठा पक्का होतो. छडी मी ठेवत नाही. माझ्या उस्तादांनी ठेवली होती, ती अजून तळहाताला आठवते.

आणि रात्री इशाच्या नमाजनंतर मी सहा पोरांना ऑनलाइन शिकवतो. दोन पुण्याला, एक ठाण्यात, बाकी शारजात. गावात पोरामागं महिन्याला शंभर रुपये ठरलेत, निम्मे येतात. घर रात्रीच्या सहा पोरांवर चालतं. म्हणजे मी दोन्हीकडचं खातो, त्यामुळं माझं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दोन्हीकडं बघून एक गोष्ट दिसते. आमच्यात सबक म्हणजे आजचा नवा धडा, आणि आमोख्ता म्हणजे मागचं सगळं पुन्हा. सबक मी देऊ शकतो, दहा मिनिटांत देतो. आमोख्ता कोण ऐकणार? शारजातल्या एका पोराची आई रोज भाजी चिरताना त्याचा आमोख्ता ऐकते. तिला स्वतःला फारसं येत नाही, पोरगं अडकलं एवढं तिला कळतं, बास. ते पोर गावातल्या पस्तीस आणि रात्रीच्या पाच, सगळ्यांच्या पुढं आहे. दुसऱ्या एका घरात माझा फोन लावून देतात आणि दार ओढून घेतात. तिथं गेलं वर्षभर आम्ही मुरक्कबातमध्ये आहोत.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, नमाजची ताकीद सात वर्षांची मुलं झाल्यावर आहे. साडेपाचच्या पोराची घाई कशाला? आधी ऐकू दे. मिसरच्या (इजिप्तच्या) कारी म्हणजे कुरआन-वाचक हुसरींनी १९६१ साली अख्खा कुरआन संथ लयीत ध्वनिमुद्रित केला. मिन्शावींचा एक संच असा आहे की ते एक आयत म्हणतात आणि मागून लहान मुलं म्हणतात. फुकट ऐकायला मिळतं. जेवताना लावून ठेवा. सूरा-ए-फीलपासून शेवटपर्यंतच्या दहा सूरा पोर नुसत्या कानानं उचलतं.

आणि ताई, एक विचारू का? मोठ्या मुलीचं ‘झालंय तेवढं’ म्हणजे काय झालंय? ती अम्मा पाऱ्याला आली होती म्हणता. मग अडलं कशावर?

वडगावचा_माग

मौलाना, जझाकल्लाह. दुसरा परिच्छेद वाचून मी इथं मनातल्या मनात छडीची माफी मागून घेतली, कुणाकडून ते माहीत नाही.

आवाज_तपासनीस

मिन्शावींचं ते मुद्रण आत्ता ऐकलं. जुनं आहे, पण मुलांचा आवाज फार छान टिपलाय. मागची मुलं किंचित उशिरा येतात, तो उशीर नेटचा नाही. फरक कळतो.

संकेश्वरी_मिरची

तवंदीघाटताई गेल्या कुठं? मौलानांनी प्रश्न विचारलाय.

कुंदा_खाऊ

सहाला उठत असतील. झोपल्या असतील.

तवंदीघाट

माफ करा, तीन आठवडे लग्नसराईत गेले. सगळं दोनदा वाचलं, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. तव्याच्या किश्शाला त्या इतक्या हसल्या की सुपातल्या विड्या जमिनीवर.

मौलानासाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी त्या दिवशी फोन ठेवून दिला होता. अडलं काही नव्हतं. मोठी दहाची झाली, मकतबमध्ये तिच्या वयाची दुसरी मुलगी उरली नाही, म्हणून आम्हीच म्हटलं आता घरीच वाच. घरी कोण वाचून घेणार होतं? मीही बसलो नाही.

झालं असं, नणंदेच्या ओळखीच्या एका आपांचा, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंचा, नमुना क्लास ठरवला, धाकट्यासाठी. त्या पुण्याच्या, हनफी, आणि छपाई आपल्याकडचीच. हुक्केरीकर, तुमचे दोन्ही प्रश्न आधी विचारले, मग फी. फोन सासऱ्यांच्या कुरआन ठेवायच्या लाकडी रेहालवर ठेवला, बरोबर उंची झाली. धाकट्यानं कायदा कॅमेऱ्यापुढं धरला आणि स्वतःच्या खिडकीत त्याला जीमचं पोट उलट्या बाजूला दिसलं. आरशासारखं दिसतं ना ते. ‘अम्मी, कायदा फिर गया’ म्हणून रडायलाच लागला. आपा म्हणत होत्या मला बरोबर दिसतंय, ते ऐकेना. मग कायदा धरायला मोठीला बसवलं. आपा विचारायच्या हे कुठलं अक्षर, आणि धाकट्याच्या आधी मोठी उत्तर द्यायची. मी डोळे वटारले. आपांनी मला थांबवलं, म्हणाल्या, हिला बोलू द्या, हिचा ऐन फार चांगला आहे. वीस मिनिटांतली पंधरा तिनंच खाल्ली.

आता क्लास तिचा चालू आहे, संध्याकाळी सात वाजता. सासूबाई शेजारी सूप मांडीवर घेऊन बसतात, आमोख्त्याला. बरकतीचं काही बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाल्या, ही बाई ‘आप’ म्हणते, चांगल्या घरची दिसते.

धाकटा मशिदीत जातो. आमच्या पटवण्यानं नाही. शेजारच्या गल्लीतल्या त्याच्या दोस्तानं सांगितलं की हौदात मासे आहेत आणि वुजूला लवकर गेलं तर ते वर येतात. सहाला स्वतः उठतो. हाफिजसाहेबांना भेटून आलो, ते गुरुवारी आठवड्याचा सबक व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवतात. आजवर बे, ते, से झालं. से म्हणताना जीभ इतकी बाहेर काढतो की नवरा म्हणतो डॉक्टरला दाखव.

गाडी दोनदा चुकली, ते मात्र खरं. (पुण्याच्या अर्थानं खरं.)

पेठेतला

आता दोन्ही अर्थ कळायला लागलेत.

बे_के_नीचे

अम्मा पाऱ्यातनं पुढं गेली की कळवा, ताई. आणि जीभ बाहेर आली पाहिजे, बरोबर आहे, दातांच्या टोकाला लागेपर्यंतच. नवऱ्याला सांगा डॉक्टर नको.

कणकुंबी_पाऊस

आपांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का? तीन वर्षांच्या मुलीसाठी नाही, माझ्यासाठी.

तवंदीघाट

केला. सातची वेळ गेलीय, साडेसातची मागा.